डिफरन्शियलची तेलगळती : थेंबाचे कारण आणि उपाय

व्यापारात मोठी तूट सहसा एका दिवसात येत नाही. रोजमेळात चार-दोन रुपयांचा फरक पडतो, कोणी तो किरकोळ म्हणून सोडून देतो, आणि वर्षाअखेरीस त्याच फरकाचा डोंगर उभा राहतो. आपल्या सभासदांस हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु जी दक्षता आपण वहीच्या बाबतीत पाळतो, तीच आपल्या मालाची ने-आण करणाऱ्या वाहनाच्या बाबतीत पाळतो काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुकानासमोर उभ्या केलेल्या गाडीखाली, मागील दोन चाकांच्या मधोमध, रुपयाएवढा काळपट तेलकट डाग पडतो. जाणारा-येणारा तो पाहतो आणि ‘जुनी गाडी आहे, गळायचीच’ असे म्हणून पुढे जातो. प्रस्तुत लेख त्या डागाविषयी आहे.

सुरत शहरातील नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कापडाचे तागे व पार्सले बाजारातून गोदामात आणि गोदामातून बाजारात नेण्याचे काम येथे दिवसभर चालू असते. त्यासाठी लहान टेम्पो, पिकअप आणि मालवाहू तीनचाकी यांचा उपयोग होतो. लग्नकार्यास वा सणास गावी जावयाचे झाल्यास हीच मंडळी बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी या मार्गाने कोंडाईबारीचा घाट ओलांडून साक्री व धुळ्याकडे जातात. कोणाची जीप असते, कोणाच्या शेतावर चारही चाकांना गती देणारे वाहन असते. अलीकडे कोकणच्या किनाऱ्यावर व लोणावळ्याच्या बाजूस मोठ्या फुगीर चाकांची, दुचाकीसारखा दांडा असलेली चारचाकी वाहने दिसतात. त्यांस ‘एटीव्ही’ म्हणजे कोणत्याही भूमीवर चालणारी वाहने म्हणतात. या सर्वांच्या पोटाखाली एक अवयव साधारणपणे सारखाच असतो. त्याचे नाव डिफरन्शियल.

डिफरन्शियल कशासाठी?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर धरले, तर काटकोनात एक वळण घेताना बाहेरचे चाक सुमारे २.२ मीटर अधिक धावते. दोन्ही चाके एकाच ताठ दांड्यास जखडलेली असतील, तर त्यांपैकी एकास रस्त्यावर घासतच जावे लागेल. हा तंटा मिटविण्यासाठी दोन्ही चाकांना इंजिनाची शक्ती मिळावी, परंतु प्रत्येकास आपापल्या वेगाने फिरता यावे, अशी दंतचक्रांची योजना करण्यात आली. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. आजच्या मोटारीतील डिफरन्शियलचे तत्त्व तेच आहे.

इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागील बाजूस एका लहान दंतचक्रास जोडलेला असतो. त्यास पिनियन म्हणतात. हे पिनियन एका मोठ्या दंतचक्रास, म्हणजे क्राउनला, फिरविते. क्राउनच्या पोटात डिफरन्शियलची छोटी चक्रे असतात आणि त्यांतून दोन ॲक्सल दोन चाकांकडे जातात. हा सर्व संसार ज्या ओतीव लोखंडी पेटीत नांदतो, तिला हौजिंग म्हणतात. चारही चाकांना गती देणाऱ्या जीपमध्ये अशा दोन पेट्या असतात, एक पुढे आणि एक मागे.

पेटीतील तेल

१९२६ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड मोटारीत ‘हायपॉइड’ पद्धतीचे क्राउन-पिनियन प्रथम वापरात आले. या पद्धतीत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या किंचित खाली बसते. त्यामुळे दांडा खाली येतो, गाडीची बैठक खाली घेता येते आणि आवाज कमी होतो. परंतु येथे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर दाबाखाली घसरतात. साध्या तेलाचा थर अशा दाबास टिकत नाही. म्हणून गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेले विशेष गिअर-तेल वापरावे लागते. गॅरेजमध्ये ज्यास ‘नव्वद नंबर’ म्हणतात, ते बहुधा हेच. त्याचा उग्र, गंधकासारखा वास ओळखीचा आहे.

या तेलाची तीन कामे आहेत : दात्यांवर संरक्षक थर ठेवणे, उत्पन्न झालेली उष्णता हौजिंगच्या भिंतीपर्यंत पोहोचविणे आणि बेअरिंगांस वंगण देणे. त्यासाठी पंप नसतो. क्राउन अर्धवट तेलात बुडालेले असते आणि फिरताना तेल वर उडविते. तेलाची पातळी उतरली की पिनियनच्या बेअरिंगापर्यंत उडणारे तेल प्रथम कमी होते. बाहेरून काहीच कळत नाही. काही दिवसांनी मागून घूं-घूं असा सूर येऊ लागतो, आणि तो ऐकू येईपर्यंत दात्यांचे नुकसान बहुधा होऊन गेलेले असते.

येथे थोडा हिशेब मांडू. एका मिलिलिटरमध्ये २० थेंब असे ढोबळ मानाने धरू. मिनिटास एक थेंब गळत असेल, तर २४ तासांत १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर तेल जाते. लहान मालवाहू गाडीच्या मागील पेटीत पावणेदोन-दोन लिटर तेल असेल, तर याच वेगाने बारा-चौदा दिवसांत निम्मे संपेल. एटीव्हीच्या पुढील पेटीत मात्र अनेकदा पाव लिटरच्या आसपासच तेल असते. तेथे निम्मे तेल जाण्यास दोन दिवसही लागत नाहीत. म्हणून थेंब लहान की मोठा, हे पाहण्याबरोबरच पेटी केवढी, हेही पाहिले पाहिजे.

प्रथम निदान, मग पान्हा

गाडीखाली तेल दिसले म्हणजे ते डिफरन्शियलचेच, असे समजू नये. इंजिनाचे वा गिअरबॉक्सचे तेल वाऱ्याने मागे उडत येऊन हौजिंगवर बसते. ब्रेकचे तेल पातळ असते आणि रंगास लागल्यास रंग उकलतो. ॲक्सलच्या सांध्यावरील रबरी आवरण फाटले तर त्यातून दाट ग्रीस उडते, आणि अनेक जण त्यासच गळती समजतात. गिअर-तेल त्याच्या वासावरून व चिकटपणावरून ओळखता येते.

निदानाची सोपी पद्धत अशी : हौजिंग चिखल-तेल काढून स्वच्छ धुवावे व कोरडे करावे. त्यावर खडूची बारीक पूड अथवा अंगाची पावडर भुरभुरावी. नंतर पाच-दहा किलोमीटर गाडी चालवून सपाट जागी उभी करावी. पांढऱ्या थरावर जेथे प्रथम ओली रेघ उमटेल, ते गळतीचे मूळ. तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीत मागे उडते. म्हणून जेथे थेंब लोंबतो तेथे दोष असेलच असे नाही. सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग शोधावा.

गळतीची मुख्य ठिकाणे पाच.

पहिले, पिनियनचे सील. प्रोपेलर शाफ्ट पेटीत शिरतो तेथील हे रबरी कडे. येथून तेल गेल्यास फिरत्या दांड्यामुळे ते गोल उडते आणि गाडीच्या तळास आडवा पट्टा उमटतो. गाडी उभी असता गळत नाही पण चालताना गळते, असे असल्यास प्रथम येथे पाहावे.

दुसरे, चाकाकडील ॲक्सलचे सील. हे सर्वांत धोकादायक होय. येथून निघालेले तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. चाकाच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ दिसतात, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते, कधी जळका वास येतो. अशा गाडीने भरल्या मालासह घाट उतरणे म्हणजे चालकाच्या व वाटेवरील लोकांच्या प्राणांशी खेळणे आहे.

तिसरे, झाकणाचा अथवा पेटीच्या दोन भागांचा जोड. तेथील पॅकिंग वाळते, बोल्ट ढिले होतात किंवा वाजवीपेक्षा अधिक आवळल्याने झाकण वाकते.

चौथे, तेल भरण्याचे व काढण्याचे बोल्ट. वायसर जुने झाले वा आटे झिजले की तेथून झिरपते.

पाचवे, प्रत्यक्ष हौजिंग. दगडाचा मार बसून किंवा अतिभाराने त्यास बारीक तडा जातो. ही गळती दुर्मिळ, पण वरून काही लावून झाकण्याजोगी नव्हे.

श्वास कोंडलेली पेटी

आता या विषयातील सर्वांत उपेक्षित भागाकडे वळू. हौजिंगच्या वरच्या अंगास बोटाच्या पेराएवढे एक टोपण असते, किंवा तेथून एक बारीक नळी वर गेलेली असते. त्यास ब्रीदर म्हणतात. पेटीस श्वास घेता यावा म्हणून ही सोय. गाडी धावू लागली की तेल तापते, आतील हवा प्रसरण पावते आणि या वाटेने बाहेर पडते. गाडी थंड झाली की हवा परत आत येते.

ही वाट चिखलाने बुजली तर काय होते, ते अंकांतच पाहू. बंद पेटीतील हवा ३० अंश सेल्सिअसवरून ९० अंशांवर गेली, तर तिचा दाब सुमारे एकपंचमांशाने वाढतो. सील हे उडते तेल अडविण्यासाठी असते. असा दाब सतत पेलणे हे त्याचे काम नव्हे. कोंडलेली हवा सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे सीलच्या ओठाखालून, वाट काढते आणि तेलास बरोबर नेते. मिस्त्री नवे सील बसवितो, महिन्याभरात तेही गळू लागते, आणि मालक सीलच्या दुकानदारास दोष देतो. दोष मात्र शेंगदाण्याएवढ्या चिखलाच्या गोळ्यात असतो.

यास्तव ज्याची पेटी गळते त्याने सील मागविण्यापूर्वी ब्रीदर काढून पाहावा. फुंकर मारल्यास हवा सहज जावयास हवी. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या एटीव्हीत कुंभारीण माशी या नळीच्या तोंडात मातीचे घर करते, तर कधी नळी दुमडून चेपते. ही तपासणी फुकट आहे, आणि नवे सील बसवूनही पुन्हापुन्हा होणाऱ्या गळतीत पुष्कळदा उत्तर येथेच सापडते.

पावसाळा, खाडी आणि पूर

सुरतच्या वाहनधारकास ब्रीदरचे महत्त्व आणखी एका कारणाने कळले पाहिजे. तापलेले हौजिंग एकाएकी पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते. ९० अंशांवरून ती ३० अंशांवर आली, तर तिचे आकारमान जवळजवळ एकषष्ठांशाने कमी होते, आणि तेवढी पोकळी भरण्यासाठी पेटी बाहेरून ओढ घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी त्यातून आत जाते. ब्रीदर बुजलेला असेल तर ते सीलमधून शिरते. म्हणजे ज्या वाटेने तेल बाहेर येते, त्याच वाटेने पाणी आत जाते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग तापीच्या पुराखाली गेला. अशा पुरात वाहने दिवसेंदिवस पाण्यात उभी राहतात. त्यानंतर इंजिनाची दुरुस्ती सगळे करतात, कारण त्याशिवाय गाडी चालूच होत नाही. परंतु डिफरन्शियलमध्ये पाणी असले तरी गाडी चालते, आणि म्हणूनच त्याकडे लक्ष जात नाही. तेल व पाणी घुसळून दुधाळ काला होतो. त्यात दात्यांचे रक्षण करण्याची शक्ती राहत नाही, बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठावर गंज चढतो, खड्डे पडतात, आणि काही महिन्यांनंतर पिनियन डुलू लागून सील गळते. कारण पुराचे असते, पण पुढे गळती दिसते तेव्हा पूर कोणाच्या ध्यानीमनी नसतो. एवढा मोठा पूर क्वचितच येतो हे खरे. तथापि लिंबायत व परवत पाटिया या भागांत मिठी खाडीचे पाणी पावसाळ्यात रस्त्यांवर येते, आणि त्या पाण्यातून माल पोहोचविणारी प्रत्येक गाडी हीच जोखीम घेते.

नियम साधा आहे. चाकाच्या मध्यापर्यंत वा त्याहून वर पाणी लागले असेल, तर त्याच आठवड्यात तेल भरण्याचा बोल्ट उघडून बोट घालून पाहावे. तेल चहाच्या वा दुधाच्या रंगाचे दिसल्यास तत्काळ काढून टाकावे, नवे भरावे, थोडे अंतर चालवून तेही पुन्हा बदलावे. एका धुण्याने आतले सर्व पाणी निघत नाही. ज्यांना अशा पाण्यातून वारंवार जावे लागते, त्यांनी ब्रीदरची नळी लांबवून गाडीच्या वरच्या भागात न्यावी. जीप बाळगणारे जाणकार ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात.

दुरुस्ती करताना

तेल काढण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही, ते आधी पाहावे. खालचा बोल्ट उघडून सर्व तेल काढले आणि वरचा बोल्ट गंजून निघेना, तर गाडी तेथेच अडकून पडते. तेलाची पातळी सपाट जागेवर आणि गाडी थंड असताना पाहावी. अनेक गाड्यांत भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल, हेच माप असते. गळते म्हणून अधिक भरून ठेवणे चूक आहे, कारण जादा तेल फेसाळते, तापते आणि आणखी गळते.

निचऱ्याच्या बोल्टास लोहचुंबक असल्यास त्यावर जमलेला चुरा पाहावा. काळपट, पिठासारखा बारीक थर हा नेहमीच्या झिजेचा असतो. चकाकते कण व तुकडे दिसल्यास नुसते सील बदलून भागणार नाही, पेटी उघडावी लागेल.

सील बसविताना त्याचा स्प्रिंगचा ओठ तेलाच्या बाजूस यावा व त्यास आधी तेल लावावे. एका कडेवर हातोडी मारू नये. योग्य मापाच्या गोल नळीने ते चारही बाजूंनी सारखे दाबावे. ज्या पृष्ठावर ओठ टेकतो, तेथे नख फिरवून चर लागते काय, ते पाहावे. चर पडली असेल तर नवे सील बसवूनही गळती थांबत नाही. फ्लॅंज बदलावी अथवा त्यावर बारीक कडे चढवावे. पिनियनचा मुख्य नट हा केवळ आवळण्याचा नट नव्हे. बेअरिंगवरील ताण त्यावर ठरलेला असतो. तो डोळे मिटून गच्च केल्यास बेअरिंग तापून जाते, आणि सैल ठेवल्यास दाते खातात. जो मिस्त्री सोडण्यापूर्वी खूण करून घेतो आणि फिरण्याचा जोर मोजतो, त्याच्याच हाती हे काम द्यावे. झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. ब्रेकच्या पट्ट्या गिअर-तेलात भिजल्या असतील तर त्या धुऊन वा भाजून पुन्हा वापरू नयेत. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलाव्यात.

तेल कोणते घालावे, हे वाहनाच्या पुस्तिकेवरून ठरवावे. हायपॉइड क्राउन-पिनियनास बहुधा जीएल-५ दर्जाचे तेल सांगितलेले असते. परंतु तेच तेल गिअरबॉक्समध्ये घातल्यास काही गाड्यांतील पितळी भागांस ते बाधते. म्हणून दोहोंसाठी एकच डबा, हा सोयीचा नियम धोक्याचा आहे.

एटीव्हीबाबत विशेष

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून जीप मोठ्या संख्येने तयार झाली आणि युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. खडबडीत भूमीवर जाण्याचा जीपचा वारसा लहान आकारात एटीव्हीकडे आला आहे, पण पोटातील रचना थोडी निराळी आहे. पुष्कळ एटीव्हींत मागील दोन्ही चाके एकाच ताठ ॲक्सलवर असतात. तेथे खरे डिफरन्शियल नसून केवळ गती देणारी दंतचक्रांची पेटी असते, आणि डिफरन्शियल पुढे असते. काही कंपन्यांच्या पुढील पेटीत चाके आपोआप जोडणारा रोलर क्लच असतो व त्यास खास द्रव लागतो. तेथे ‘नव्वद नंबर’ ओतल्यास क्लच नीट पकडत नाही.

या वाहनांत चाकांकडे जाणारे छोटे ॲक्सल उघडे असतात. गवत, तार, किनाऱ्यावर मासेमारीचा नायलॉन दोरा त्यांभोवती गुंडाळला जाऊन सीलचा ओठ कापतो. खारे पाणी धातूस खाते. म्हणून वाळूतून आल्यावर वाहन गोड्या पाण्याने धुवावे. मात्र जोराच्या पाण्याची धार सीलवर व ब्रीदरवर रोखू नये, अन्यथा धुण्यानेच पाणी आत जाते.

टाळावयाच्या युक्त्या

गळती थांबविण्यासाठी पेटीत ग्रीस कोंबण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. ग्रीस दात्यांनी एकदा बाजूस सारले की ते तेथेच राहते. बेअरिंगकडे उडत नाही आणि उष्णताही वाहून नेत नाही. बाहेरचा डाग थांबतो, आत यंत्र कोरडे चालते. याहून वाईट युक्ती लाकडाच्या भुशाची. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबण्यासाठी जुन्या गाडीच्या पेटीत भुसा घालून ती विकण्याची लबाडी जुन्या मोटारींच्या बाजारात जगभर बदनाम आहे. जुनी गाडी घेताना म्हणूनच डिफरन्शियलचे थोडे तेल काढून पाहावे, आणि विकताना गळती असल्यास ती ग्राहकास आपण होऊन सांगावी. मापात खोट नसावी हा नियम कापडास आहे, तसाच लोखंडासही आहे.

काढलेले जुने तेल गटारात किंवा खाडीत सोडू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले जाते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच पोहोचावे, अशा बेताने गॅरेजवाल्याशी बोलून ठेवावे.

मूळ कारण गोदामात

एवढ्या तांत्रिक विवेचनानंतर एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. ब्रीदर मोकळा, सील नवे, तेल योग्य, आणि तरीही चाकाकडील सील वर्षातून दोन-तीनदा जात असेल, तर कारण गाडीखाली शोधण्यात अर्थ नाही. ते गोदामात शोधावे. ठरलेल्या भारापेक्षा अधिक पार्सले चढविली की हौजिंग किंचित वाकते आणि ॲक्सल सीलच्या मध्यभागी न फिरता एका बाजूस दाबून फिरतो. ओठ त्या बाजूने झिजतो. डोळ्यांस न दिसणारा हा वाक दुरुस्तीच्या प्रत्येक पावतीत मात्र दिसतो. एका फेरीचे भाडे वाचविण्यासाठी जो भार वाढविला, त्याची किंमत सील, ब्रेक, बेअरिंग, आणि शेवटी क्राउन-पिनियन या क्रमाने वसूल होते. क्राउन-पिनियन ही जोडी एकत्र घासून तयार केलेली असते. एक बिघडले तरी दोन्ही बदलावी लागतात. सीलच्या किमतीशी तिच्या किमतीची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट चालकाची. गाडीखालचा थेंब प्रथम चालक पाहतो. ब्रेक ओढतो हे त्याच्या पायास कळते, मागून सूर येतो हे त्याच्या कानास कळते. परंतु ‘आज माल पोहोचला पाहिजे, मग पाहू’ हे उत्तर दोनदा ऐकले की तिसऱ्या वेळी तो सांगत नाही. कोंडाईबारीच्या उतारावर ब्रेक न लागण्याचा प्रसंग आला, तर त्या वेळी गाडीत तो असतो, मालक नसतो. चालकाची तक्रार त्याच दिवशी ऐकून घेणे हा पगाराइतकाच त्याचा हक्क मानला पाहिजे. चाकाच्या आत तेल दिसल्यास त्या दिवशी गाडी रस्त्यावर जाणार नाही, एवढा एक नियम प्रत्येक पेढीने केला तरी पुष्कळ साधेल.

गाडीसाठी एक लहान वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, किती तेल घातले आणि कोणत्या पाण्यातून गाडी गेली, एवढे चार रकाने पुरेत. तेल घालण्याच्या दोन तारखांमधील अंतर कमी होत चालले की गळती वाढते आहे, हे न वाकता समजते. आपल्याकडे दसऱ्यास वाहन धुऊन, झेंडूची माळ घालून त्याची पूजा करण्याची चाल आहे. तो दिवस नेमका पावसाळ्याच्या अखेरीस येतो. पूजेच्या आदल्या दिवशी डिफरन्शियलचा बोल्ट उघडून तेल पाहावे, ब्रीदर साफ करावा, सीलवर बोट फिरवावे, आणि पावसाळ्यातील पाण्याची खूण आढळल्यास तेल बदलावे. हीच तपासणी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, पुन्हा करावी. वर्षातून दोन वेळा अर्धा तास दिला, तर दुकानासमोरचा तो रुपयाएवढा डाग पडण्याआधीच त्याचे कारण हाती लागेल.